आर्ट्सच्या पोरांना कॉम्प्युटर कशाला, म्हणे!

माननीय संपादक,
स.न.

कालच्या अंकातलं 'अर्थशास्त्राच्या वर्गात एक्सेल म्हणजे कारकून घडवणं' हे पत्र वाचलं, तेव्हापासून डोकं शांत नाही. पत्रलेखक ज्येष्ठ आहेत, मान आहेच, पण त्यांनी एकदा माझ्या एफवाय बीएच्या वर्गात येऊन बसावं.

फळ्यावर मागणी-पुरवठ्याची फुली काढली की पोरं ती वहीत उतरवतात, पेपरात तशीच काढतात, आणि मागणीची रेषा उजवीकडे का सरकली विचारलं की सगळे गप्प. तेच एक्सेलच्या शीटमध्ये मागणी म्हणजे १०० वजा किमतीची दुप्पट, पुरवठा म्हणजे २० अधिक किमतीची दुप्पट, असे फॉर्म्युले घातले की २० रुपयांच्या ओळीत दोन्हीकडे ६० येतात, ते पोरंच शोधतात. मग मागणी वाढली असं धरून १०० चे १२० करायचे, भाव २५ वर जातो. यावर पावसची एक मुलगी, घरची हापूसची कलमं आहेत तिची, म्हणाली, "सर, भाव वाढला म्हणून पुरवठा वाढेल कसा? आंबा झाडावर असेल तेवढाच निघणार ना?" मी म्हटलं, मग पुरवठा ६० वरच ठेव. तिने ठेवला, भाव ३० झाला! पुरवठ्याची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की पुरवठा किती बदलतो ते, मी फळ्यावर इतकी वर्षं शिकवली, असा प्रश्न कधीच आला नव्हता.

आणि हे सगळं कुठे, तर माझ्या लॅपटॉपभोवती दाटीवाटीने उभं राहून, कारण कॉलेजची लॅब "आयटीवाल्यांची" आहे, आर्ट्सला किल्ली मिळत नाही. पैशाचाही प्रश्न नाही हो, एक्सेलसारखंच काम करणारं लिब्रेऑफिस फुकट आहे, मशीन दुपारभर बंद पडून असतात, तरी अर्जाला साधं उत्तर नाही!

कारकुनीचं म्हणाल तर १९७९ साली आलेलं व्हिजिकॅल्क, म्हणजे एक्सेलचा पूर्वजच, डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याला सुचलं तेच हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या वर्गात, फळ्यावरचा एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून परत मांडावे लागायचे म्हणून. म्हणजे ही वस्तू वर्गातूनच आलेली आहे, तिला वर्गाबाहेर काढायला निघालेत हे लोक.

जाता जाता, वाशी मार्केटच्या आंब्याच्या भावांची चौकट तुम्ही बंद का केलीत? पोरं त्यातलेच आकडे शीटमध्ये भरायची. सीझन सुरू व्हायच्या आत ती परत सुरू करा, आणि हे पत्र कापू नका ही विनंती.

- अर्थशास्त्राचा एक शिक्षक, रत्नागिरी