चाचा, तुम्ही राखून दिलेले गळे

आदरणीय चाचा,

सलाम. तुमच्या मटणाच्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असते, त्यामुळे तुमचे आभार मानायचं दरवेळी राहून गेलं. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते. तुमचा नातू वाचून दाखवील.

अमळनेरच्या बाजारात मी आवाजाच्या अभ्यासासाठी मेंढीचं स्वरयंत्र मागत फिरत होते, तेव्हा दोन दुकानांतून मला हात जोडून वाटेला लावलं. तुम्ही सुरी खाली ठेवलीत आणि विचारलंत, "कायको मंगता बेटी?" मी आजीचं सांगितलं. कानबाईच्या जागरणाला रात्रभर गाणारी माझी आजी सत्तरीनंतर दोन ओळींतच दमायला लागली. "मन्हा आवाज कथा गया व?" (माझा आवाज कुठे गेला गं?) असं तिनं विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जिवंत माणसाचे स्वरतंतू काढून तपासता येत नाहीत. १७४१ मध्ये पॅरिसच्या फेरँ नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं मेलेल्या कुत्र्याच्या स्वरयंत्रात हवा फुंकून आवाज काढला होता. आम्ही प्रयोगशाळेत अजून तेच करतो, फक्त हवा ३७ अंशांवर, ओलसर करून सोडतो. पण हलाल करताना सुरी कंठाच्या लगेच खाली फिरली, की श्वासनळी आखूड राहते आणि आमच्या नळीवर बसत नाही. तुम्ही स्वतःच्या मानेवर बोटं ठेवून मोजलंत. दोन बोटं खाली कापलं तरी चालतं, म्हणालात. मुंड्या भाजायच्या आधी कंठ काढून ठेवायचा, आच लागली की तंतू वाया, हे मी एकदाच सांगितलं होतं. तुम्ही एकदाही विसरला नाहीत.

आणि दात! प्रत्येक पिशवीवर तुमच्या अक्षरात 'दोन दाती', 'आठ दाती'. मेंढीची जन्मतारीख कोण लिहून ठेवतो? पहिले दोन पक्के दात साधारण दीड वर्षाला येतात, आठ पुरे व्हायला चार वर्षं लागतात. माझ्या वहीतला वयाचा रकाना तुमच्या त्या अक्षरावर उभा आहे. ठेलारी मेंढपाळांच्या कळपातली, दात पडायला लागलेली म्हातारी मेंढी आली, की तुमचा फोन यायचाच.

तशाच एका मेंढीचा कंठ बर्फाच्या डब्यातून जळगावला प्रयोगशाळेत नेला होता. तरण्या मेंढीचा कंठ थोड्या हवेतच खणखणीत बोलला होता. हिच्यात हवा वाढवत गेले, तर आधी नुसता फुसफुसाट. बऱ्याच वेळानं एक घोगरा, कापरा सूर निघाला. मला आजीच आठवली. मी यंत्र बंद केलं आणि जरा बाहेर जाऊन बसले.

आता मी आजीला सांगू शकते. म्हातारपणी गळ्यातला स्नायू बारीक होतो, वरचा मऊ थर ताठरतो, कडा मधोमध मिटत नाहीत आणि श्वास निसटून जातो. गळ्याच्या डॉक्टरांनी तपासून तिला ग्लासातल्या पाण्यात नळीनं बुडबुडे काढत 'ऊ' म्हणायचा व्यायाम दिलाय. रोज सकाळी ओट्यावर बसून करते.

"मरे बाद बी बोलती क्या वो?" असं तुम्ही विचारलं होतंत. तो आवाज मोबाइलवर ठेवलाय. दुपारी दुकान रिकामं असेल तेव्हा ऐकवायला येते. आजीही येणार म्हणतेय, तुम्हाला भेटायला.

तुमची,
'गलेवाली बेटी'