लिस्बनहून, आईचे गुडघे घेऊन

लिस्बन, रात्री साडेदहा

ती. आई-बाबांना सा. न.

आज सकाळी बोटीवरून उतरलो. आधी आईच्या प्रश्नांची उत्तरं देते, नाहीतर ती पुढचं वाचायचीच नाही. दोघं ठणठणीत आहोत. पोटं बरी आहेत. दुपारी ऊन होतं, पण संध्याकाळी नदीवरून वारा सुटतो, तेव्हा तू बॅगेत बळेच कोंबलेली शाल कामी आली. जमीन मात्र अजून डुलते आहे. आठवडाभर बोटीवर काढला की असं होतं म्हणे. जावईबापू मघाशी लिफ्टची वाट बघत उभे होते, तर भिंतीला हात लावून!

उतरण्याची भानगड मला वाटली होती तेवढी नव्हती. आदल्या रात्री मोठ्या बॅगांना रंगीत पट्टी बांधून त्या केबिनबाहेर ठेवायच्या, सकाळी त्या धक्क्यावरच्या हॉलमध्ये ओळीने मांडलेल्या मिळतात. ओझं उचलायला लागत नाही, आणि बोटीत मजल्यामजल्याला लिफ्ट. बाबा, हे मुद्दाम लिहिते आहे. 'आम्हाला आता झेपायचं नाही' हे तुमचं वाक्य मला पाठ आहे, म्हणून आज दिवसभर मी आईचे गुडघे घेऊन हिंडले. कुठे चढ, कुठे बाक, कुठे संडास, सगळं बघून ठेवलंय.

स्पेनमधल्या काडिझहून निघालो त्या रात्री घड्याळं एक तास मागे केली, त्यामुळे आता आपल्यात साडेचार तासांचा फरक. इथले सकाळचे आठ म्हणजे तुमचे साडेबारा. तेव्हाच फोन करीन.

धक्का अगदी गावाला लागून आहे. टर्मिनलची इमारत २०१७ सालची, आणि तिच्या काँक्रीटमध्ये वजन कमी करायला बूच मिसळलंय. हो, बाटलीचं बूच! ते झाड इथलंच. तुमच्या साइटवर कुणी असं सुचवलं असतं तर तुम्ही त्याला घरी पाठवलं असतंत.

खोली तीन वाजता मिळणार होती. बॅगा हॉटेलात टाकल्या आणि सगळ्यात आधी साओ व्हिसेंत दे फोराच्या मठात गेलो. सगळे पर्यटक दुसरीकडे पळत होते, मला मात्र तिथेच जायचं होतं, कारण पोर्तुगीज राजकन्या, ब्रागांझाची कॅथरीन तिथे पुरलेली आहे. बाबा, तीच, जिच्या लग्नात मुंबई आंदण दिली! १६६१ चा करार. तिच्या नवऱ्याने, इंग्लंडच्या राजा चार्ल्सने, सात वर्षांत ती बेटं वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. नवरा वारल्यावर कॅथरीन माहेरी परतली आणि १७०५ मध्ये इथेच गेली. मठाच्या जुन्या भोजनगृहात राजघराण्याच्या दगडी पेट्या रांगेने ठेवल्या आहेत, त्यांत एक तिची. आम्ही होतो तेवढ्या वेळात तिच्यापाशी कुणीच थांबलं नाही. लोक जातात ते राजा दॉम कार्लुश आणि त्याच्या मुलाकडे. दोघांना १९०८ मध्ये नदीकाठच्या चौकात गोळ्या घातल्या होत्या. त्यांच्यापाशी रडणाऱ्या बाईचा पुतळा आहे, फोटो चांगला येतो. मी मात्र कॅथरीनपाशी बराच वेळ उभी होते. विरार लोकलमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला आणायला हवं इथे, असं सारखं वाटत होतं. गच्चीवर जायला जिना आहे, तो फक्त बाबांनी चढायचा. आईने खाली निळ्या फरशांवर रंगवलेल्या प्राण्यांच्या गोष्टी बघत बसायचं.

आता चढांचं. खोटं सांगत नाही, गाव सगळं टेकड्यांवर आहे. शिवाय पायवाटा पांढऱ्या-काळ्या बारक्या दगडांच्या, दिसायला सुंदर, पण पावलांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. आईने चपला नाही, बूटच घालायचे. अठ्ठावीस नंबरच्या पिवळ्या ट्रामचं सगळे कौतुक करतात. माझं मत विचाराल तर नको: गर्दी दादरसारखी, आणि पाकीटमारही तसेच. त्यापेक्षा विजेवरच्या रिक्षा आहेत, इथेही टुकटुकच म्हणतात. भाव मात्र आधी ठरवायचा. शिवाय सपाटीवरच्या बायशा भागातून किल्ल्याच्या बाजूला न्यायला पालिकेच्या लिफ्ट आहेत, एका इमारतीत शिरायचं आणि वरच्या रस्त्यावर निघायचं. फुकट! हे वाचून बाबांच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते मला इथून दिसतंय.

जेवणाबद्दल आई काळजी करते, पण तू इथे खूश होशील. युरोपात असूनही ही माणसं कोथिंबीर मनापासून खातात. तिसऱ्या (शिंपल्या) मागवल्या, तर लसूण, ऑलिव्ह तेल, लिंबू आणि वर मूठभर हिरवीगार कोथिंबीर. खोबरं नाही, तिखट नाही, तरी बशी पावाने पुसून खाल्ली. तुझ्या सोमवारी बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप मिळेल, फक्त वरची सॉसेजची चकती घालू नका म्हणून आधी सांगायचं. जावईबापूंना आठवडाभराच्या बुफेनंतर वरणभात हवा होता, म्हणून रात्री मार्तिम मोनीझला गेलो. तिथे आपल्याकडच्या आणि बांगलादेशी लोकांची दुकानं आहेत. डाळभात मिळाला. बरा होता, बरा म्हणजे बराच.

बाबा, तुम्हाला सगळ्यात आवडेल तो कार्मोचा मठ. १ नोव्हेंबर १७५५, सणाचा दिवस, सकाळी लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप झाला. मग समुद्र आत आला, मग आग, ती कित्येक दिवस. कार्मोचं छप्पर पडलं ते पुन्हा घातलंच नाही. कमानी तेवढ्या उभ्या आहेत आणि वर मोकळं आभाळ. आत शिरले आणि वसईच्या किल्ल्यातच आल्यासारखं झालं. त्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये तुम्ही आम्हाला फरशीतल्या थडग्यांवरची अक्षरं वाचून दाखवायचात, तसाच उघडा गाभा, तसाच दगड. आम्ही शाळेत १७३९ एवढंच पाठ केलं: चिमाजी अप्पा, वसई, आणि देवळांत गेलेल्या घंटा. त्यानंतर सोळाच वर्षांत या लोकांची राजधानीच पडली, हे मला आज तिथे उभी असताना लक्षात आलं. (आतल्या संग्रहालयात पेरूहून आणलेल्या दोन ममी आहेत. का, ते विचारू नका.)

पुन्हा बांधलेला बायशा तर तुमच्याच खात्याचा विषय. तेव्हाचा मंत्री पोंबाल, त्याने सरळ रस्ते आखले आणि भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घालायला लावला, फुल्याफुल्यांच्या आडव्या-तिरक्या वाशांचा, म्हणजे जमीन हलली तर दगड पडेल पण घर उभं राहील. खालची जमीन पाणथळ, तिच्यात पाइनचे खांब ठोकलेत. नमुना उभारून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं आणि तपासलं, असं सांगतात. तुम्ही असतात तर भिंतीवर टकटक करून बघितलं असतंत.

उद्या बेलेंला जाणार. वास्को द गामाची कबर तिथल्या मठात आहे. तो मेला कोचीत, हाडं नंतर इकडे आणली. सपाट रस्ता आहे, ट्राम जाते, तेव्हा तो दिवस आईचा. बोटीचा मात्र आग्रह नाही. बोटीवर बंदर आठ तास मिळतं आणि सगळं पळत बघावं लागतं. तुम्ही सरळ लिस्बनला या, चार दिवस राहा, सकाळी एक ठिकाण, दुपारी झोप.

बाबांचा पासपोर्ट कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहे, त्याची मुदत बघून फोनवर सांगा. आणि आईला गुरुवारी गुडघ्यासाठी न्यायचं आहे ना? डॉक्टर काय म्हणतात ते कळवा, तिने 'काही नाही गं' म्हटलं तरी.

तुमची,
लेक