कांजिण्या झालेल्या मुलाची अंघोळ बंद करू नका

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

थंडी ओसरू लागली की उन्हाळा तापेपर्यंत आपल्याकडे कांजिण्यांचे रुग्ण वाढतात. नागपुरात लहान मुलांच्या वॉर्डात मी अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे आणि निवृत्तीनंतरही वस्तीतल्या आया या दिवसांत मुलांना घेऊन विचारायला येतात. त्यांची तक्रार बहुधा तापाची नसते, खाजेची असते. चार-पाच वर्षांचे मूल रात्रभर अंग ओरबाडत असते, आणि चौकशी केली की कळते, त्याची अंघोळ पहिल्या दिवसापासून बंद आहे, वारा लागू नये म्हणून कूलर लावलेला नाही आणि अंगावर जाड चादर आहे. ज्या तीन गोष्टींनी खाज वाढते, त्या तिन्ही आपण मुलाच्या काळजीपोटीच करत असतो. याविषयी आपल्या वृत्तपत्रातून पालकांशी बोलावे, म्हणून हे पत्र.

घरात माता आली असे मानून जे नियम पाळले जातात, त्यांतले बरेचसे मला मनापासून पटतात. मुलाला वेगळ्या खोलीत ठेवणे, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दारातूनच परत पाठवणे, घरात तळण आणि झणझणीत फोडणी न करणे, नखे लागू नयेत म्हणून कडुनिंबाची कोवळी डहाळी अंगावरून हळुवार फिरवणे, यांत मुलाचे भलेच आहे. अंघोळीची बंदी मात्र देवीच्या जीवघेण्या साथींच्या काळातून आली असावी, असे मला वाटते. देवीचा रोग भारतात 1975 मध्ये थांबला आणि 1980 मध्ये जगातून गेल्याचे जाहीर झाले. कांजिण्यांचा विषाणू वेगळा आहे आणि अंघोळीने तो अंगभर पसरत नाही, कारण फोड दिसू लागतात तोवर तो रक्तातून शरीरभर पोहोचलेलाच असतो. फोडही एकदम न येता तीन-चार दिवस टप्प्याटप्प्याने येत राहतात. त्यामुळे अंघोळ घातल्याच्या दुसऱ्या दिवशी नवे फोड दिसले, तर तो पाण्याचा दोष समजू नये. उलट घाम आणि उष्णता यांनी खाज भडकते, मूल खाजवते, फोड फुटतो आणि नखांतले जंतू त्यात शिरतात. पू होणे आणि कायमचे व्रण राहणे यांमागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

अंघोळीचे पाणी कोमट असावे, कढत नको आणि मूल कुडकुडेल इतके गारही नको. आपण कोपर बुडवून पाहिले तर ते ना गरम वाटावे, ना थंड. किराणा दुकानात मिळणारे साधे, बिनसाखरेचे ओट्स मिक्सरमधून अगदी बारीक करून मूठभर पीठ मलमलच्या स्वच्छ फडक्यात बांधावे आणि ती पुरचुंडी बादलीत पिळत राहावी. पाणी दुधाळ आणि किंचित बुळबुळीत झाले की ते मगाने अंगावर सावकाश ओतत पाच-दहा मिनिटे मुलाला त्यात खेळू द्यावे. ओट्स नसतील तर नुसते पाणीही पुष्कळ आराम देते. घासणी, उटणे, डाळीचे पीठ यांतले काही लावू नये आणि साबण लावलाच तर अगदी सौम्य असावा. त्यानंतर मऊ सुती पंचाने अंग टिपून घ्यावे, पुसू नये. खाज फार असेल तर दिवसातून दोन-तीनदा अशी अंघोळ घालायला हरकत नाही.

अंग कोरडे झाले की गुलाबी कॅलामाइन लोशन कापसाने फोडांवर लावावे, मात्र डोळ्यांजवळ, तोंडात आणि फुटलेल्या फोडांवर ते नको. हळदीचा लेप लावू नये असे मी आग्रहाने सांगते, कारण त्या पिवळेपणाखाली फोडाभोवती चढत चाललेली लाली दिसत नाही आणि जंतुसंसर्ग लक्षात येण्यात मोलाचा वेळ जातो. घरात पडून असलेली खाजेची मलमेही लावू नयेत, त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते.

खरी परीक्षा रात्रीची असते, कारण दिवसा खेळात रमणारे मूल अंथरुणाला पाठ टेकताच खाजवू लागते. झोपण्याआधी एक अंघोळ, सैल पातळ सुती झबले आणि थेट झोत अंगावर न येईल असा ठेवलेला कूलर, एवढ्यानेही फरक पडतो. नखे रोज पाहून कापावीत, हात साबणाने धुवावेत आणि झोपेत हातांत स्वच्छ सुती मोजे घालावेत. झोप येण्यासाठी खाजेचे औषध डॉक्टरांनी वजन पाहून दिले तरच द्यावे.

तापासाठी पॅरासिटामॉल चालते, पण बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय ते देऊ नये. त्याचे सिरप 5 मिलीत 120 मिलिग्रॅम आणि 5 मिलीत 250 मिलिग्रॅम अशा दोन्ही प्रकारांत मिळते, तेव्हा थोरल्या मुलाच्या बाटलीतला एक चमचा धाकट्यासाठी दुपटीहून अधिक ठरतो. ॲस्पिरिन तर मुळीच देऊ नये, कारण कांजिण्यांत त्याने यकृत आणि मेंदूला इजा करणारा रे सिंड्रोम होऊ शकतो. आयबुप्रोफेनही टाळावे.

तोंडात फोड आले असतील तर दहीभात, गार दूध, पातळ खिचडी असे मऊ खाणे द्यावे. याच सुमारास घरोघरी मृग बहाराची संत्री आलेली असतात, त्यांची आंबट फाक मात्र तोंडाला झोंबते.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवे ते तान्ह्या बाळांना, तसेच स्टेरॉइड किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या मुलांना, कारण विषाणूविरोधी औषध पुरळ उठल्यापासून 24 तासांत सुरू झाले तर अधिक उपयोगी पडते. इतर मुलांचाही ताप चार दिवसांनंतर टिकला किंवा उतरून पुन्हा चढला, एखाद्या फोडाभोवतीची कातडी लाल, गरम आणि दुखरी झाली, मूल सुस्त पडले, सारखी उलटी करू लागले, मान ताठरली, चालताना झोक जाऊ लागला किंवा धाप लागली, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे.

सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मुलाला शाळेत वा अंगणवाडीत पाठवू नये आणि ज्या गर्भवतीला पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत तिला त्याच्या जवळ येऊ देऊ नये. कांजिण्यांची लस सरकारच्या मोफत लसीकरणात नाही, ती बालरोगतज्ज्ञांकडे विकत घ्यावी लागते. घरातल्या दुसऱ्या मुलाला ती दिलेली नसेल आणि त्याला कांजिण्या झालेल्या नसतील, तर संपर्क आल्यापासून तीन, फार तर पाच दिवसांत लस दिल्यास त्याचा आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. म्हणून पहिल्या मुलाच्या अंगावर पुरळ दिसताच धाकट्याविषयीही त्याच दिवशी विचारावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
प्रतापनगर, नागपूर