स्टिअरिंगची ट्रिम आणि माझा अंगठा : शेवटची लेखी तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय : स्टिअरिंगची ट्रिम बदलताना घातलेला घोळ आणि तेव्हापासून जळत असलेला एअरबॅगचा दिवा

स.न.वि.वि. लिहिण्याइतकं मन आज मोठं नाही. तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवून दहा मिनिटंही झालेली नाहीत. गाडी तुम्हीच बनवली आहे, तेव्हा तिच्या स्टिअरिंगला कुठे काय असतं हे मी सांगायला नको. तरी सांगते, कारण आजवर तुमच्याकडच्या ज्या पाच जणांशी बोलले त्यांना ते सांगावंच लागलं.

स्टिअरिंगच्या दोन्ही स्पोकवर, म्हणजे मधून कडेला जाणाऱ्या दांड्यांवर, चकचकीत पट्टी आहे; तीच ट्रिम. उजव्या पट्टीचा मुलामा सुटला, नेमका अंगठा टेकतो तिथे. प्लॅस्टिकवर चढवलेला क्रोमचा थर तो. उन्हात प्लॅस्टिक जास्त फुगतं, धातू कमी. पकड कच्ची असली की पापुद्रा उचकटतो आणि त्याची कड ब्लेडसारखी होते. वळण घेऊन झाल्यावर स्टिअरिंग हातातून सरकत सरळ होत होतं, तेव्हा अंगठा चिरला. मांडीवर रक्ताचे थेंब पडले तेव्हा कळलं. तेव्हापासून त्या पट्टीवर चिकटपट्टी लावून गाडी चालवत होते. नव्या गाडीच्या स्टिअरिंगला बँडेज.

सर्व्हिस सेंटरने आधी सांगितलं, ट्रिम सुटी मिळत नाही, अख्खं स्टिअरिंग घ्या. मग सांगितलं, मिळते, पण पार्ट नंबर सिस्टिममध्ये दिसत नाही. मग एक दिवस पार्ट आला. कसा ते पुढे येईलच.

आता तो फोन. हा मी शब्दशः लिहिते आहे, कारण तुम्ही कॉल रेकॉर्ड करता असं तुम्हीच सांगता; ताडून पाहा.

तुमच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, तुम्ही अंगठी घालता का?" नाही. "नखं वाढवलेली आहेत का?" नाही. "हाताला सॅनिटायझर, क्रीम वगैरे?" मी म्हटलं, हात धुते, चालेल ना? त्यावर तो थोडा थांबला. मला वाटलं शरमला असेल. छे, पुढचा प्रश्न शोधत होता. "गाडी मुख्यतः मिस्टर चालवतात का?" गाडी माझ्या नावावर आहे, हप्ते मी भरते, चालवतेही मीच. "मग मॅडम, तुम्ही स्टिअरिंग नेमकं कुठे धरता?"

मी सांगितलं, घड्याळात नऊ आणि तीन असतात तिथे. तुमच्याच माहितीपुस्तिकेत तसं चित्र काढलेलं आहे, दोन्ही अंगठे बरोबर त्या पट्टीवर टेकवलेले. यावर त्याने जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं : "तो कॉस्मेटिक पार्ट आहे मॅडम. शक्यतो त्या जागी अंगठा ठेवू नका."

मग काय करू? चार बोटांनी चालवू? की अंगठे घरी ठेवून येऊ? क्षमस्व, हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण ज्या भागावर चालवणाऱ्याचा हात पूर्ण वेळ असतो त्याला शोभेची वस्तू म्हणणारा माणूस तुमच्या कंपनीच्या वतीने बोलतो, हे तुम्हाला माहीत असायला हवं. शेवटी त्याने विचारलं, "गाडी चालते ना?" मी हो म्हटलं. त्याने तक्रार "निवारण झाले" म्हणून बंद केली. मेसेज आला, तो जपून ठेवला आहे.

तर ट्रिम आली ती क्रूझ कंट्रोलच्या (वेग आपोआप एकसारखा ठेवणाऱ्या सोयीच्या) बटणांसाठी भोकं असलेली. माझ्या गाडीत क्रूझ नाही. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "वरच्या व्हेरिएंटची आहे मॅडम, उलट फायदाच झाला." फायदा म्हणजे दोन रिकामी भोकं, ज्यांत आता धूळ बसते. डावी पट्टी जुनीच ठेवली, तिची चकाकी वेगळी, आणि तिचाही कोपरा आता सुटायला लागलाय. नव्या पट्टीची एक क्लिप बसवताना तुटली. खड्ड्यातून गेलं की ती किर्र वाजते.

हे सगळं एक वेळ सोडून देईन. एअरबॅगचं सोडणार नाही.

ती ट्रिम काढायची तर आधी मधली एअरबॅग काढावी लागते. त्याआधी इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि काही मिनिटं थांबायचं, कारण बॅटरी काढली तरी एअरबॅगच्या सर्किटमध्ये चार्ज शिल्लक असतो. हे तुमच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असणारच. मी काचेपलीकडे उभी होते. मेकॅनिकने स्टिअरिंगच्या मागच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घातला, मधला भाग खटकन सुटला, पिवळा कनेक्टर ओढला. दार उघडं होतं आणि कारच्या छताचा दिवा जळत होता. बॅटरी काढलेल्या गाडीत दिवा जळत नाही, एवढं मला कळतं. मी काचेवर टकटक केली. त्याने हात हलवून मला बसायला सांगितलं.

त्या संध्याकाळपासून मीटरमधला एअरबॅगचा दिवा जळतो आहे. गाडी सुरू केल्यावर काही सेकंदांत तो विझायला हवा. परत नेली, स्कॅनर लावून बिघाडाचा कोड पुसला. घरी पोचेपर्यंत दिवा पुन्हा हजर. कनेक्टर नीट बसला नाही की वायरला धक्का लागला, ते शोधणं माझं काम नाही. ॲडव्हायझरचा सल्ला : "चालवत राहा मॅडम, जाईल आपोआप." दिवा जळत असताना टक्कर झाली तर एअरबॅग उघडेल का, एवढंच मी विचारलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. पुन्हा विचारते : उघडेल का? लेखी सांगा.

मला हवं ते असं. एअरबॅग, तिचं वायरिंग आणि हॉर्न दुसऱ्या, प्रशिक्षित माणसाने माझ्यासमोर तपासावं, आणि कोणता कोड होता ते जॉब कार्डवर लिहून द्यावं. दोन्ही बाजूंच्या ट्रिम माझ्या व्हेरिएंटच्या आणि एकाच चकाकीच्या बसवाव्यात, वॉरंटीत. "निवारण झाले" हा शेरा काढावा. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर जॉब कार्ड, फोटो आणि तो मेसेज घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. हे रागाच्या भरात लिहिलेलं नाही. म्हणजे राग आहेच, पण कागदपत्रंही आहेत.

आमच्या घरात याआधीची गाडीही तुमचीच होती. बारा वर्षं चालली. तिचं स्टिअरिंग साधं, काळं, काही न चमकणारं होतं. तिच्याच भरवशावर ही घेतली.

आपली,
(सध्या तरी) ग्राहक

ता. क. उतरवलेली जुनी ट्रिम मी मागून घेतली होती. ती कागदात गुंडाळून या पत्रासोबत पाठवते आहे. उघडताना शक्यतो त्या जागी अंगठा ठेवू नका.