हलक्या हॉट रॉडला जास्त स्टॉल कशाला?

मा. संपादक,
नमस्कार. हॉट रॉडवरचा (म्हणजे जुन्या गाडीत तगडं इंजिन बसवून केलेली फास्ट गाडी) तुमचा लेख वाचला, फोटो एक नंबर, पण टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिक गाडीत इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) जितक्या जास्त स्टॉलचा तितका भारी हे काय पटलं नाही बुवा. स्टॉल म्हणजे ब्रेक दाबून फुल थ्रॉटल दिला की इंजिन ज्या आरपीएमला अडकतं तो आकडा, आणि तो काय कन्व्हर्टरवर छापलेला फिक्स नसतो, इंजिनचा टॉर्क (फिरवायचा जोर) जास्त तर तो वर जातो, गाडी हलकी असली की लोडच कमी पडतो म्हणून रस्त्यावर तो खाली येतो. हजार किलोच्या आसपासची गाडी, साधा कॅम (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), रोजचं चालवणं, मग 2000 ते 2400 चा बास झाला की, 3500 चा कशाला? हां, कॅम मोठा असेल तर गोष्ट वेगळी, तिथं कमी स्टॉलवर गाडी गिअरमधे टाकली की सिग्नललाच बंद पडायला बघते.

मेन मुद्दा हीटचा. हायवेला क्रूझिंगचा आरपीएम स्टॉलच्या खाली राहिला आणि लॉकअप (इंजिन अन् गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) नसला की कन्व्हर्टर नुसता स्लिप होत राहतो अन् ऑइल तापतं. त्यात आपलं सोलापूर, मे महिन्यात चाळीसच्या वर पारा आणि सात रस्त्याचं ट्रॅफिक! वेगळा ट्रान्समिशन कूलर (ते ऑइल थंड करणारा) पाहिजेच, लेखात त्याचं नावसुद्धा नाही. आणि मोटार वाहन कायद्याचं, गाडीत बदल करण्यावरच्या बंधनांचं कलम 52 पण छापा की, पोरं लेख वाचून सरळ गॅरेज गाठतात.

– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर