जुन्या संगणकांवर लिनक्स टाकताना मेलही जोडून द्या

माननीय संपादक,

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार (नियमित सुधारणा आणि मदत) थांबवला. जुने संगणक भंगारात न घालता त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून घेणाऱ्या मराठवाड्यातल्या शाळा, पतसंस्था आणि छोट्या कार्यालयांना आमची विनंती आहे की, मेल फक्त ब्राउझरमध्ये उघडून भागवू नका. मिंटसोबत थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम आधीपासूनच येतो. तो नीट जोडला, तर नेट गेलेले असतानाही उतरलेले परिपत्रक वाचता येते, उत्तर लिहून ठेवता येते आणि नेट आले की पाठवता येते.

जोडताना मेल सर्व्हरवर, म्हणजे मेल पुरवणाऱ्या कंपनीच्या संगणकावरच, ठेवणारी आयमॅप पद्धत निवडा, पॉप नको. पॉपमध्ये मेल संगणकावर उतरते आणि सेटिंग चुकली तर सर्व्हरवरून पुसलीही जाते. मग तीच मेल मोबाइलवर सापडत नाही. जीमेलसाठी येणाऱ्या मेलचा सर्व्हर आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट (जोडणीचा क्रमांक) ९९३, सुरक्षा (मेल वाटेत कुणाला वाचता येऊ नये यासाठीची पद्धत) एसएसएल/टीएलएस. जाणाऱ्या मेलचा एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५, सुरक्षा तीच. पोर्ट ५८७ घेतला तर मात्र सुरक्षेत स्टार्टटीएलएस हवे. इथे गल्लत झाली की मेल येते, पण जात नाही.

बहुतेकदा थंडरबर्ड हे सगळे स्वतःच भरतो. घोडे अडते ते पासवर्डपाशी. पत्ता बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन होत नाही. कारण गूगलने वैयक्तिक खात्यांना नुसत्या पासवर्डावर बाहेरच्या प्रोग्राममधून आत घेणे ३० मे २०२२ पासून बंद केले, आणि मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक डॉट कॉमसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तेच केले. म्हणून येणाऱ्या आणि जाणाऱ्या, दोन्ही सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'ओऑथ२' (प्रोग्रामला पासवर्ड न देता परवानगी देण्याची पद्धत) निवडावे. गूगल किंवा मायक्रोसॉफ्टची लॉगिनची खिडकी उघडते, तिथे परवानगी द्यावी. ती खिडकी पुन्हा पुन्हा येत असेल, तर थंडरबर्डच्या 'प्रायव्हसी' सेटिंगमध्ये कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) बंद आहेत का ते बघा; असतील तर चालू करा. ओऑथ न कळणारा जुना प्रोग्राम वापरायचा असेल, तर गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डशिवाय आणखी एका मार्गाने ओळख पटवणे) चालू करून त्या प्रोग्रामसाठी वेगळा १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो.

जुन्या डेस्कटॉपवर आणखी एक दुखणे असते. आतल्या मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. लाइट गेली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग सर्व्हरची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही असे संगणक समजतो आणि जोडणी नाकारतो. लोक पासवर्ड बदलत बसतात. त्याआधी कोपऱ्यातली तारीख बघावी. समोर अपवाद मान्य करण्याचे (इशारा डावलून पुढे जाण्याचे) बटण आले तरी ते दाबू नये. सेल बदलावा आणि तारीख नेटवरून आपोआप घेण्याची सोय चालू ठेवावी.

जीमेलची लेबले थंडरबर्डमध्ये फोल्डर म्हणून दिसतात. त्यामुळे एकच मेल इनबॉक्समध्ये, लेबलात आणि सगळी मेल एकत्र ठेवणाऱ्या 'ऑल मेल'मध्ये अशी तीनदा उतरते, डिस्क भरते. शिवाय आयमॅपवरून दिवसाला २५०० एमबीपेक्षा जास्त उतरवू न देण्याची गूगलची मर्यादा आहे. जुने, भरलेले खाते पहिल्याच दिवशी तिला धडकू शकते. वेबवरच्या जीमेलमध्ये लेबल्सच्या सेटिंगमधून 'ऑल मेल'ची 'शो इन आयमॅप' खूण काढावी आणि थंडरबर्डमध्ये 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज'खाली अलीकडच्या ९० दिवसांचीच मेल संगणकावर उतरवायला सांगावे.

कार्यालयात एकच संगणक चार जण वापरतात. थंडरबर्डमध्ये साठवलेले पासवर्ड त्याच्या सेटिंगमधून कुणालाही वाचता येतात, जोवर प्रायमरी पासवर्ड (साठवलेल्या सगळ्या पासवर्डांना कुलूप लावणारा एक मुख्य पासवर्ड) लावलेला नसतो. लिनक्स टाकून देणाऱ्या तंत्रज्ञांनी तो लावून, कसा वापरायचा हे दाखवूनच संगणक ताब्यात द्यावा.

– संगणक देखभाल करणारे काही तंत्रज्ञ, परभणी