पानठेलेवाल्या भाऊंना, एका चकतीपायी

भाऊ, राम राम.

तुमच्या मोबाईलवर भजनं आणि कापसाचे भाव सोडून काही उघडत नाही, हे तुम्हीच सांगता. पण ठेल्यावर दिवसभर बसणाऱ्या पोट्ट्यांपैकी कोणी तरी हे वाचून दाखवेलच. तोंडावर बोलायला गेलो असतो तर तुम्ही "खर्रा घोटू का?" म्हणून विषय बदलला असता.

ताईचं लग्न मे २००७ चं. व्हीसीडीच्या, म्हणजे व्हिडिओच्या सीडीच्या, एका चकतीत सव्वा तासाच्या वर फारसं मावत नाही, म्हणून शूटिंगवाल्यानं लग्न तीन चकत्यांत दिलं होतं. बाबा त्यात कुठंच धड दिसत नाहीत. मुलीचा बाप लग्नात उभा राहतोच कुठं? फक्त दुसऱ्या चकतीत, पंगतीच्या वेळी, घामानं ओला सदरा आणि वाढणाऱ्या पोरांवर ओरडणं : "अबे, बुंदी इकडं आना ना लेकहो!" बस, तेवढंच. दोन वर्षांनी बाबा गेले. फोटो चार-पाच आहेत, आवाज मात्र तेवढाच.

आणि ती चकती मी ज्वारीत बांधली. कणसात दाणा भरला होता, पाखरांनी जीव नकोसा केला होता, चमचमणारं काही लटकवलं की ती बुजतात, म्हणून शोधताना खोक्यातल्या जुन्या चकत्या दिसल्या. वरचं पेनानं लिहिलेलं केव्हाच पुसलं होतं. तीन दिवस ती वाऱ्यानं बांबूवर आपटत होती. आईनं "ताईच्या लग्नातली दुसरी कुठं हाय रे?" विचारलं तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. सांगितल्यावर आई काहीच बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत नाही. शूटिंगवाल्यानं मूळ कॅसेटवर केव्हाच दुसरं लग्न भरलं होतं. अमरावतीच्या एका चकचकीत दुकानात पोरानं चकती शर्टाच्या बाहीनं गोल गोल घासली, संगणकात घातली, काढली, "फेकून द्या काका" म्हणाला आणि तपासणीचे ३०० रुपये घेतले. पुण्याचा भाचा फोनवर म्हणतो, "मामा, क्लाउडवर का नाही टाकलं?" अरे बाबा, तेव्हा आमच्याकडे भारनियमनात पंखा फिरला तरी दिवाळी वाटायची!

तुमच्या ठेल्यावर मी त्यासाठी आलोच नव्हतो. पिशवीतून चकती डोकावत होती, एवढंच. एके काळी तुम्ही चकत्या भाड्यानं द्यायचे, हे मी विसरूनही गेलो होतो. तुम्ही सुपारी कातरायची थांबवली, चकती कडांना धरून उन्हाकडे केली आणि आधी वरची बाजू पाहिली. आजवर सगळ्यांनी खालच्या रेघा पाहून मान हलवली होती. "माल वरच्या बाजूले असते, लेबलाच्या बुडाशी. खाली सव्वा मिलिमीटरचं नुसतं प्लॅस्टिक, त्यातून उजेड जाते. वरून खरवडली असती त ब्रह्मदेवाच्यानंही काही झालं नसतं. हे खालूनच हाय."

संध्याकाळी ठेला बंद करून तुम्ही घरी आले. दात घासायच्या पांढऱ्या पेस्टची दहा रुपयांची ट्यूब आणि तुमच्या जमान्यातली स्वतःची एक चकती. ती तुम्ही आमच्या छपरीच्या फरशीवर उलटी घासली. मुद्दाम! मी "अहो भाऊ" म्हणेस्तोवर तिच्यावर रेघाच रेघा. प्लेअरमध्ये घातली, अडकली. मग ओल्या सुती फडक्यानं पेस्ट लावून मधून काठाकडे सरळ रेघेत घासत बसला, गोल नाही. धुतली, सावलीत वाळवली, परत घातली. चालली.

तेव्हा तुम्ही आईकडे वळून म्हणाले, "काकू, आता तुमची करू का?"

भाऊ, तोवर कोणी तिला विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी माझ्या हातून चकती ओढून घेतली होती, मी पण तिला न विचारताच ती शेतात नेली होती. आईनं पदर डोक्यावर घेतला आणि मान हलवली. मला चकती वाचल्यापेक्षा ते विचारणं जास्त लागून राहिलं आहे. मोठमोठ्या काचेच्या दुकानांत जे मिळत नाही ते चुन्याच्या डबीशेजारी मिळतं, याचं आता नवल वाटू नये, पण वाटतं.

मंगलाष्टकांत अजून चित्राचे चौकोन होतात. नवरदेवाचे मामा अर्धेच दिसतात (तेही चांगलंच आहे). पण पंगत आली. बाबा ओरडले. तुम्ही लगेच "पुन्हा लावू नका, आधी पेन ड्राइव्हवर घ्या, घासणं म्हणजे इलाज नाही, मुदत हाय" म्हणून घाई केली, म्हणून आज तो आवाज तीन ठिकाणी आहे. पैसे विचारले तर पेस्टचे दहा घेतले. नेमके दहा.

आईनं तो तुकडा चार वेळा पाहिला आणि म्हणाली, "त्या दिवशी बुंदी कमीच पडली होती."

तुमची ती फरशीवर घासलेली चकती आमच्याकडेच राहिली. मी ती ज्वारीत बांधायला काढली होती, आईनं हातातून घेऊन कपाटात ठेवली. सवडीनं येऊन घेऊन जा.